आज हिरो कोण?

संजीवनी शेलार पहिल्यांदा नजरेत भरली ती शाळेच्या व्हरांड्यात, एका लोखंडी कपाटापाशी. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या शाळेत पालकसभा होती. वर्गांना रंग द्यायचा असल्यामुळे सहावीचं कपाट बाहेर काढायचं होतं, आणि शाळेचे दोन शिपाई कपाटाच्या दोन अंगांना उभे राहून ‘तू आधी धर’ आणि ‘तूच धर’ असं एकमेकांना आग्रहाने सांगत होते. पालकांच्या घोळक्यातून एक उंच, रुंद खांद्यांची बाई पुढे आली. तिने हातातली पिशवी मुलीकडे दिली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, “सरका मामा. तुमचं ठरेपर्यंत शाळा सुटायची.”

कपाट तिने उचललं नाही. एका कोपऱ्यावर तिरकं केलं, मग दुसऱ्या कोपऱ्यावर, आणि एखाद्या आजारी म्हाताऱ्याला धरून न्यावं तसं हळूहळू चालवत व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं. तिची मुलगी जिज्ञासा शरमेने भिंतीकडे तोंड करून उभी होती. संजीवनीने पदर सोडला, कपाळ पुसलं आणि वर्गशिक्षिकेजवळ येऊन अगदी हलक्या आवाजात विचारलं, “बाई, आयर्न लेडी म्हणजे काय हो?”

“लोखंडाची बाई. म्हणजे खंबीर. कशाने न वाकणारी.”

“चांगलंच ना मग?”

“चांगलंच की. का हो?”

“आमचे साहेब म्हणतात मला. कंपनीत.” एवढं बोलून ती मुलीकडे वळली. “ऐकलंस गं? चांगलं असतं ते.”

संजीवनीचं माहेर वांगणीच्या पुढचं, कुणब्यांचं गाव. भातकापणीच्या दिवसांत शेतातून खळ्यापर्यंत भारे वाहायचे, ते तिने परकरी वयापासून वाहिले. बाप म्हणायचा, “ही घरात असताना बैल उगीच पोसतो मी.” पण त्या गावात ताकदीच्या बाईला वेगळं नाव नव्हतं. सगळ्याच बाया भारे वाहत. जिचा भारा मोठा तिच्या ताटात एक भाकरी जास्त पडे, एवढाच काय तो मान.

लग्नानंतर ती अंबरनाथला चाळीत आली. नवरा धर्मराज उल्हासनगरात टेम्पो चालवायचा. जीन्सच्या कापडाचे तागे बाजारातून शिलाईच्या गाळ्यांवर पोचवायचे, हे त्याचं काम. माणूस साधा, पण पाठीचा दुखणेकरी. घर दोघांच्या हातांवर चालायला हवं हे लवकरच कळून चुकलं, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या शिवरामने तिला आपल्या कंपनीत ठेकेदाराकडे नेलं. शिवराम कोकणातला, संगमेश्वरकडचा. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. कंपनीच्या नळावर आपला डबा घासूनपुसून मगच घरी न्यायचा. बायको सखू म्हणायची, “मला ह्यांनी भांड्यातसुद्धा चूक काढायची संधी दिली नाही.” संजीवनी त्याला शिवरामदादा म्हणायची आणि राखीपौर्णिमेला त्याच्या मनगटाला राखी बांधायची.

कंपनी रंगांच्या पावडरी बनवणारी होती. पोती उचलायची, रिकामी करायची, झाडायची. हातापायांवर चढलेला पिवळा रंग साबणाने जात नसे. “तुमच्याकडे बरं, बारा महिने हळद लागलेली,” असं चाळीतल्या बाया म्हणत, तेव्हा संजीवनी म्हणे, “नवरदेव तोच आहे पण जुना.”

आधीचे सुपरवायझर आईबहिणीवरून बोलायचे. एकदा त्यांनी सुरक्षेचा पट्टा न लावता छपरावर चढायला सांगितलं, तेव्हा मुकादमासकट सगळे अडून बसले. शिव्या देणाऱ्याला नाही म्हणायला माणसाच्या अंगात आपोआप बळ येतं. ते साहेब गेले आणि अभिजीत आला. बदलापुरात नव्या टॉवरमध्ये राहणारा, डिप्लोमा झालेला, तिशीतला तरुण. त्याने कधी कोणाला अरेतुरे केलं नाही. कोणाच्या मुलाला किती मार्क पडले हे त्याच्या लक्षात राहायचं. स्वतःला मुलगी झाली तेव्हा त्याने ठेक्यावरच्या माणसांनाही पेढे वाटले, नुसते ऑफिसात नाही. कंपनीने त्याला एका मोठ्या हॉटेलात शिकवणीला पाठवलं होतं. माणसांना हुकूम द्यायचा नसतो, त्यांच्यातला सिंह जागा करायचा असतो, असं तिथे शिकवलं होतं म्हणे. अभिजीतने ते मनापासून घेतलं.

तेव्हापासून सगळ्यांना इंग्रजी नावं पडली. ड्रम एकट्याने गडगडवत न्यायचा असला की “टायगर!” दुसरी पाळीही करायची असली की “चॅम्पियन, आज थांबणार ना?” उंचावर चढायचं असलं की “कमांडो कुठे आहेत आपले?” आणि पोती हलवायची किंवा पाण्याचे जार चढवायचे असले की नुसतं “आयर्न लेडी!” पुढे काही सांगावं लागत नसे. कामगारांनाही हे कळत होतं. “साहेब टायगर म्हणाले की समजायचं, आज बकरा आपण,” असं ड्रमवाला म्हणायचा आणि सगळे हसायचे. हसायचे आणि उठायचे. शिवीला उलट बोलता येतं. टायगर म्हणणाऱ्याला काय उलट बोलणार?

‘हिरो’ हा शब्द मात्र अभिजीत सहसा काढत नसे. जे काम खरं तर कोणीच करायला नको, त्या कामासाठी तो राखून ठेवलेला होता. “आज हिरो कोण?” असं तो म्हणाला की शेडमधले सगळे आपापल्या पायांकडे बघू लागत.

त्या शुक्रवारी सांडपाण्याच्या टाकीचा पंप तुंबला. जमिनीत बांधलेली बंद टाकी, वर माणूस जेमतेम जाईल एवढं झाकण, आत लोखंडी शिडी. टाकी साफ करणारे लोक बाहेरून यायचे, तोंडाला हवेची नळी आणि कमरेला दोर बांधून उतरायचे. ते सोमवारी येणार होते. तोवर सगळा प्लँट बंद ठेवावा लागला असता.

अभिजीत फोन खिशात टाकत शेडमध्ये आला. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू. “चला मंडळी, आज हिरो कोण?”

कोणी वर बघेना.

“काय टायगर?”

“टायगरची कंबर धरलीय साहेब,” ड्रमवाला म्हणाला. “टायगरला आता सर्कशीतून पेन्शन द्या.”

थोडं हसू झालं आणि लगेच विरलं. अभिजीतची नजर फिरत फिरत शिवरामवर थांबली. त्याने शिवरामच्या खांद्यावर हात ठेवला. “शिवरामदादा, त्या झाकणातून अंगाने बसाल ते तुम्हीच. आमचे हिरो! दोन मिनिटांचं काम. चिंध्या अडकल्यात, काढायच्या नि वर.”

शिवरामने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि जवळ उभ्या असलेल्या संजीवनीच्या हातात दिला. “धर गं. खाली पडला तर सखू ओरडंल.”

त्याची बोटं गार पडली होती. एवढ्या उकाड्यात गार. संजीवनीने त्याच्याकडे पाहिलं. चष्मा काढल्यावर त्याचे डोळे फार लहान दिसत.

“दादा,” ती म्हणाली. सगळे बघत होते.

“आता नाही म्हटलं तर बायामाणसांत तोंड दाखवायला नको,” शिवराम पुटपुटला आणि झाकणाकडे गेला.

तो शिडीवरून खाली गेला. “हाय, चिंधीच हाय,” असा त्याचा आवाज आला. मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा आवाज आला नाही.

अभिजीत झाकणावर ओणवा होऊन हाका मारू लागला. दोर आणायला कोणीतरी धावलं. पण खालच्या माणसाच्या अंगाला दोर बांधलेलाच नव्हता, तेव्हा ओढणार काय? संजीवनीने चष्मा कमरेला खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. अभिजीतने तिचा दंड दोन्ही हातांनी धरला. “जायचं नाही! खाली गॅस आहे. मराल तुम्ही. मागे व्हा!” त्याचा आवाज फाटला होता. अंगाने ती त्याच्या दुप्पट. नुसता हात झटकला असता तर तो पडला असता. पण ती थांबली. इतक्या वर्षांत त्या माणसाने तिला पहिल्यांदाच सरळ शब्दांत काही करायला सांगितलं होतं, आणि ते ऐकून तिचे पाय जागच्या जागी खिळले.

अग्निशमनवाल्यांनी शिवरामला वर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. संजीवनीने चष्मा सखूच्या हातात दिला.

चाळीच्या तोंडाशी बॅनर लागला. शिवरामचा थोरला भाऊ धोंडिबा कल्याणहून आला होता, त्याने ओळखीच्या पुढाऱ्याकडून तो करवून घेतला. ‘सहकाऱ्यांसाठी प्राण पणाला लावणारा आमचा हिरो’, आणि खाली लग्नातला फोटो, पुढाऱ्याच्या फोटोपेक्षा लहान. कंपनीत शोकसभा झाली. ऑफिसच्या शलाका मॅडमनी ‘वॉरियर’ असा शब्द वापरला आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग दुसऱ्या आठवड्यात कँटीनमध्ये आणि गेटवर निराळंच ऐकू येऊ लागलं. शिवरामला कोणी उतरायला सांगितलंच नव्हतं. त्याने उगाच हिरोगिरी केली. शब्द तोच, त्याला शेपूट लावलं की तो शिवी होतो.

चाळीत हिरो, कंपनीत हिरोगिरी. एकीकडे हार, दुसरीकडे ठपका. पण एक गोष्ट दोन्हीकडे गृहीत धरलेली होती, ती म्हणजे शिवराम आपल्या मनाने उतरला. तो आपल्या मनाने उतरला असेल तर त्याच्या मरणाचा जाब द्यायला कोणीच नव्हतं.

सखू रडली नाही असं लोक म्हणत. ती चष्मा घेऊन बसलेली असे. एकदा संजीवनी भाकऱ्या घेऊन गेली तेव्हा सखूने विचारलं, “तू तिथं होतीस ना? ते आपणहून गेले का गं?”

समोर धोंडिबा बसला होता. भेटायला आलेल्यांना तो भावाच्या धाडसाच्या गोष्टी सांगत होता, लहानपणी साप कसा मारला त्याच्या. संजीवनीने भाकऱ्यांचा डबा खाली ठेवला. “चौकशीत विचारतील तेव्हा सांगीन वहिनी,” ती म्हणाली, आणि स्वतःचाच राग येऊन बाहेर पडली.

चौकशी लागली होती. सरकारी साहेब येऊन प्रत्येकाला विचारणार होते. टाकीजवळ जे होते त्यातला ड्रमवाला गावी निघून गेला. बाकीच्यांनी, आम्ही लांब होतो, काही ऐकलं नाही, असं ऑफिसात आधीच लिहून दिलं होतं. उरली संजीवनी.

“त्या माणसाने तुला शिडीवरून ओढली,” धर्मराज म्हणाला. “नाहीतर आज चाळीला दोन बॅनर लागले असते. आणि तुझा गेटपास त्याच्याच सहीने निघतो, तेही ध्यानात ठेव.”

“तेच तर ध्यानात आहे.”

“मग गप रहायला काय घेशील?”

रविवारी दुपारी अभिजीत स्वतः आला. दाढी वाढलेली. खुर्चीवर अगदी कडेला बसला, पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही.

“ताई, मी ‘उतरा’ म्हटलं का त्यांना? तुम्ही समोर होतात. खरं सांगा.”

“नाही. ‘उतरा’ नाही म्हणालात.”

“मग तेवढंच सांगा. खोटं काही सांगायला मी म्हणत नाही. मी कधी म्हणेन का तुम्हाला खोटं बोला म्हणून?”

“नाही.”

“मी कधी कोणाशी वाईट वागलो? कधी वेडंवाकडं बोललो?”

“नाही साहेब,” संजीवनी म्हणाली. “तुम्ही वाईट बोलला असतात तर कोणी गेलं नसतं.”

तिचं म्हणणं अभिजीतला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. जाताना त्याने जिज्ञासाला अभ्यासाचं विचारलं, नेहमीसारखं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडला.

चौकशी कंपनीच्याच मीटिंगच्या खोलीत होती. एसीचा गारठा. टेबलाच्या एका बाजूला चौकशीचे साहेब, निवृत्तीला आलेले, शांत, सारखा घसा खाकरणारे. दुसऱ्या बाजूला शलाका मॅडम. भिंतीशी खुर्च्यांवर सखू आणि धोंडिबा. दाराजवळ हातात फाईल धरून अभिजीत.

“शिवरामला टाकीत उतरायला कोणी सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

“आमचे साहेब म्हणाले, आज हिरो कोण.”

“ते लिहिलंय. ‘उतर’ असं म्हणाले का?”

“नाही.”

“मग?”

“मग ते उतरले.”

“म्हणजे स्वतःहून.”

काय झालं ते संजीवनीला पक्कं ठाऊक होतं, पण ते मांडायला जवळ शब्द नव्हता. “आमच्याकडे तसंच सांगतात साहेब,” ती म्हणाली.

“तसंच म्हणजे कसं?”

“हिरो म्हणून.”

साहेब थकल्यासारखे हसले. “अहो बाई, हिरो म्हणणं म्हणजे कौतुक झालं. माझ्या नातवाला मी दिवसातून दहादा म्हणतो.”

शलाका मॅडमनी मान डोलावली. साहेब घसा खाकरत उठले आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राखाली त्यांनी पेला धरला. नळातून दोन थेंब आले आणि गुरगुर झाली. जार रिकामा होता. भरलेला जार खाली भिंतीशी होता.

“आयर्न लेडी!” अभिजीत दारातून म्हणाला. हलकेच, घाईने, नेहमीसारखं हसून, हनुवटीने जारकडे खूण करत.

संजीवनी उठली. रिकामा जार काढला, भरलेला खांद्यावर घेतला, एका झटक्यात उलटा केला आणि बसवला. पाणी बुडबुडत खाली आलं. कोणालाच त्यात काही वाटलं नाही. साहेबांनी पेला भरला. संजीवनीने पदराला हात पुसले, आणि पुसता पुसता थांबून जारकडे वळून पाहिलं.

“साहेब,” ती म्हणाली, “आत्ता मला ‘जार उचल’ असं कोणी म्हणालं का?”

साहेबांनी ओठांपर्यंत नेलेला पेला खाली घेतला. त्यांनी जारकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. अभिजीतचा चेहरा असा झाला होता, जणू हातातलं काही निसटून पडलं आणि कुठे पडलं ते त्याला दिसत नव्हतं.

“असंच झालं त्या दिवशी,” संजीवनी म्हणाली. “फरक इतकाच, मला जारची भीती वाटत नाही. शिवरामदादा घाबरले होते.”

धोंडिबा ताडकन उठला. “काय बोलतेस तू? कोणाबद्दल बोलतेस? माझा भाऊ घाबरट नव्हता! सगळा गाव सांगंल.”

“बोटं गार पडली होती त्यांची. चष्मा दिला माझ्या हातात तेव्हा.”

“मेलेल्या माणसाला भित्रा ठरवतेस? आणि तू राखी बांधायचीस ना त्याला? लाज नाही वाटत?”

“भाऊजी, बसा,” सखू म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता की धोंडिबा उभ्याचा उभा राहिला.

“बसा म्हणते ना. गावी विहिरीचं पाणी मी शेंदायची. ते काठाशी यायचे नाहीत, गरगरतं म्हणायचे. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच चिडवायचात त्यांना.” मग ती साहेबांकडे वळली. “विहिरीत वाकून न बघणारा माणूस साहेब, आपणहून कशाला उतरंल? लिहा तुम्ही.”

साहेब बराच वेळ लिहीत होते. धोंडिबा खाली मान घालून बसला होता, आणि एसीच्या आवाजात त्याच्या नाकाचा आवाज मधूनमधून ऐकू येत होता.

निकाल लागला तो काही महिन्यांनी. कामगाराला टाकीत उतरण्याची तोंडी सूचना सुपरवायझरकडून मिळाल्याचं त्यात म्हटलं होतं. सखूला भरपाईचं जे द्यायचं ते मिळालं. अभिजीतवर खटला भरला गेला आणि कंपनीने त्याला काढलं. त्याने हे परस्पर केलं, आमच्या नियमांत हे बसत नाही, असं कंपनीने कळवलं, आणि गेटच्या आत सुरक्षेचे मोठे फलक लागले. चाळीच्या तोंडावरच्या बॅनरवर त्याआधीच दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर चढला होता. सखू सामान बांधून गावी गेली. जाताना तिने संजीवनीच्या गालावरून हात फिरवला.

संजीवनीलाही कामावर घेतलं नाही. ठेकेदार बदलला होता, आणि नव्या मुकादमाने गेटवर तिला सांगितलं, “मावशी, तुमचं नाव आमच्याकडे नाही. बारक्या पोरी चालतात आता, मशीन आलंय उचलायला.” मशीन आलं नव्हतं. ती तिथून वळली तेव्हा पलीकडे स्कूटरवर अभिजीत होता. आपली राहिलेली कागदपत्रं न्यायला आला होता. तिला बघून त्याने स्कूटर बंद केली.

“तुमच्यावर राग नाही ताई,” तो म्हणाला. “एक सांगू? मलाही कोणी ‘माणूस उतरव’ म्हटलं नव्हतं. वरून फोन आला होता. अभिजीत, यू आर माय फायटर, प्लँट थांबता कामा नये. बस, एवढंच.”

“मग हे चौकशीत सांगितलंत का?”

“सांगितलं की.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ते तर प्रोत्साहन झालं.” तो हसायला गेला आणि ते जमलं नाही.

संजीवनीने त्या खोलीतला जार आठवला. तो तिने उचलून दाखवला होता. हा फोन कोण उचलून दाखवणार? तिला त्या क्षणी त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

“तुम्ही मला शिडीवरून ओढलंत,” ती म्हणाली. “ते मी विसरले नाही.”

“तेच रोज मनात येतं,” अभिजीत म्हणाला. “जायचं नाही, हे दोन शब्द. येत होते की मला. पाच मिनिटं आधी का नाही आले?”

तो स्कूटर सुरू करून बदलापूरच्या रस्त्याला लागला.

धर्मराजने टेम्पोच्या ओळखीने तिला उल्हासनगरात काम बघून दिलं. सध्या ती तिथल्या जीन्सच्या एका कारखान्यात शिवलेल्या पँटींचे उरलेले धागे कापते. पोटमाळ्यावर बायकांची रांग मांडी घालून बसते, हातात छोटी कात्री, पुढ्यात पँटींचा ढीग. काम बैठं आहे, त्यामुळे तिची पाठ आखडते. जिज्ञासा नववीत गेली आहे. शनिवारी कारखाना लवकर सुटतो, तेव्हा संजीवनी घरी येऊन गावी सखूला फोन करते.